अकरा वर्षांची पाहुणी

खरं सांगा, तुम्ही राहता त्या घराच्या भिंतीत खिळा ठोकायचा झाला तर तुम्हाला कुणाला विचारावं लागतं?

"कुणालाच नाही" म्हणणारे घरमालक. "घरमालकाला" म्हणणारे भाडेकरू. दोघंही सुखी. त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, वाचलं तर करमणूक होईल. पण ज्यांनी आधी आवंढा गिळला, आणि मग "तसं कुणाला नाही, पण दादाच्या एकदा कानावर घालावं लागतं" असं काहीतरी पुटपुटले, त्यांनी खुर्ची ओढून नीट बसावं. ही गोष्ट त्यांचीच आहे. नाव फक्त शकुन देवस्थळीचं.

शकुन बेहाल्यात राहते, ट्रामडेपोच्या मागच्या गल्लीत. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, गळ्यात मोजपट्टी आणि ओठांत टाचण्या. टाचण्या ओठांत धरून बोलायची सवय असल्यामुळे ती "या, बसा" म्हणाली तरी समोरच्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. जन्म भवानीपूरचा. वडील शाळेत गणित शिकवायचे, घरात मराठी बोललं नाही तर जेवायला वाढायचे नाहीत. त्यामुळे शकुनचं मराठी शाबूत राहिलं. गल्लीत मात्र ती बंगालीतच भांडते, कारण मराठीत भांडलं तर समोरच्याला कळत नाही आणि भांडण फुकट जातं.

लग्न केलं नाही. का नाही केलं असं मराठी मंडळाच्या गणपतीत बायका विचारायच्या तेव्हा ती म्हणायची, "माप घ्यायला कुणी आलंच नाही." पोटापाण्यासाठी ती शिवण करते, आणि तेही कुठं शिकायला गेलेली नाही. भवानीपूरच्या गल्लीतल्या मधुवंतीदी नाचाचा क्लास चालवतात. एका कार्यक्रमात त्यांच्या सहा मुलींनी 'महाराष्ट्राचा नाच' करायला घेतला, नेसलेल्या नऊवाऱ्यांपैकी दोन रंगीत तालमीतच सुटल्या, आणि मधुवंतीदी रडकुंडीला येऊन शकुनच्या दारात उभ्या राहिल्या. शकुननं आईचं जुनं इरकली लुगडं काढलं, कात्रीनं उभं फाडलं, कासोट्यासकट शिवून पायजम्यासारखं पायात घालता येईल असं केलं. आई दोन दिवस बोलली नाही. पण बेहाल्यापासून गडियापर्यंत जेवढे नाचाचे क्लास आहेत तेवढ्यांना कळलं, की मराठी साडी न नेसता चढवता येते आणि ती शकुनदीकडे मिळते. आज दोन मशीन, एक पिको-फॉलचं यंत्र आणि मदतीला लीना. लीनाचं घरही त्या शिवणावर चालतं.

आता घराचं.

आई गेली आणि भवानीपूरच्या खोल्यांच्या मालकानं, जो आईला मासीमा म्हणून वाकून नमस्कार करायचा, तेराव्याचे लाडू खाऊन खोल्या खाली करायला सांगितलं. तेव्हा धावून आला तो चारूदादा. चारुदत्त म्हणजे शकुनच्या मामाचा मुलगा, तिच्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा. बँकेत अधिकारी होता. बदल्या चुकवत चुकवत कोलकात्यातच राहिला, पुढं तिथंच निवृत्तही झाला. सॉल्ट लेकमध्ये फ्लॅट घेऊन बायको वैदेहीसह तो आधीच राहायला गेला होता. बेहाल्याचं मामाचं बैठं घर कुलूप लावून पडलं होतं. चारूदादा माणूस वाईट नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं तुम्हाला त्याचा राग येणार आहे.

"भाडं किती घेशील, दादा?" शकुननं पहिलाच प्रश्न विचारला.

चारूदादाचा चहाचा कप तोंडाजवळ जाता जाता थांबला. "भाडं? तू मला भाडं विचारतेस? मामाच्या घराचं?"

"मग मी येत नाही."

"ये गं मुकाट्यानं. घर तुझंच आहे."

केवढं बरं वाटलं तिला. आणि त्याच संध्याकाळी वैदेहीवहिनीचा फोन आला.

"अगं शकुन, मी सांगितलं असं दादाला सांगू नकोस हं. पण घराचा कर असतो, रंगरंगोटी असते. आजूबाजूला जे काय चाललंय तेवढं देत जा. फक्त भाडं म्हणून देऊ नकोस, त्याला लागतं. पाकिटात घालून दे. आहेरासारखं."

तर आहेरासारखं. लग्नात देतात ते पाकीट, वर गणपती, कोपऱ्यात चिकटवलेलं एक रुपयाचं नाणं. शकुननं बडाबाजारातून गठ्ठाच आणून ठेवला. महिन्याच्या पहिल्या रविवारी चारूदादा यायचा, ती पाकीट पुढं करायची. "अगं, हे कशाला?" म्हणत तो ते घ्यायचा, खिशात घालायचा, आणि पाचेक मिनिटांनी हात धुवायला न्हाणीघरात जायचा. हात धुवायला वेळ जरा जास्तच लागायचा. एकदा पाकिटात शंभराची एक नोट कमी पडली, तर रात्री वहिनीचा फोन: "अगं, नव्या नोटा एकमेकींना चिकटतात गं, तुझ्याकडे एखादी राहिलीय का बघ बरं." अकरा वर्षं शकुननं दर महिन्याला आपल्या मामेभावाचं लग्न लावलं म्हणायचं. मंगलाष्टकं तेवढी राहिली.

पावती? नाव काढायची सोय नव्हती. दोनदा तिनं काढलं. पहिल्यांदा चारूदादा हसला. दुसऱ्यांदा त्याचे डोळे भरून आले. "बाबा असते तर त्यांना काय वाटलं असतं, शकू? भाचीला पावती फाडून द्यायची?" डोळे भरलेल्या माणसाशी व्यवहार बोलता येत नाही. हे ज्याला कळलं तो आयुष्यात पुष्कळ पुढं जातो. चारूदादा बँकेत बराच पुढं गेला होता.

आणि घराचा कारभार कसा? खर्च आला की घर तिचं, खिळा आला की घर त्याचं. गच्ची गळायला लागली, पाणी मशीनवर टपकायला लागलं. "अगं तुझंच घर आहे, करून घे की." तिनं करून घेतली. मोटार जळली, तिनं बसवली. पण दारावर 'शिवलेली नऊवारी मिळेल' अशी पाटी लावते म्हटलं, तर चारूदादाचा चेहरा असा झाला जणू तिनं मामाच्या फोटोवर पाटी लावायचं काढलंय. "हे बाबांचं घर आहे, दुकान नाही." मागची मोठी खोली तर त्यानं कुलूपबंदच ठेवली होती. आत काय, तर व्यायामाची सायकल, थर्माकोलची तीन मखरं, आणि बँकेनं निरोपाला दिलेलं बाई-माणसाएवढं घड्याळ. ते घड्याळ बंद होतं, पण राहायला त्याला स्वतंत्र खोली होती. शकुनच्या मशीन पुढच्या खोलीत, जरीचे काठ स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यांवर, आणि झोपायची जागा रात्री कापडं उचलल्यावर जी उरेल ती.

रविवारी तो स्वतःच्या किल्लीनं दार उघडून आत यायचा. एकदा आठ मुलींची मापं चालली होती आणि हा थेट आत. मुली किंचाळल्या. हा शांतपणे म्हणाला, "घाबरू नका, मी घरचाच आहे," आणि नळाला वायसर नीट बसलंय का ते बघायला मोरीत गेला.

तुम्ही म्हणाल, शकुन एवढी तिखट, मग गप्प का बसली? कारण तिलाही ते गोड लागत होतं. नाकारून काय उपयोग. मंडळात कुणी विचारलं, "भाड्यानं राहतेस का गं?" तर मान वर करून म्हणायची, "छे, मामाच्या घरी राहते." भवानीपूरच्या त्या मालकानं जे नाक कापलं होतं ते या एका वाक्यानं परत चिकटायचं. तर दोष एकट्या चारूदादाचा नाही. फुकटचा मान आणि फुकटचं मोठेपण, दोन्ही एकाच पाकिटातून जात-येत होतं.

आणि मग बेहाल्यात मेट्रो आली.

मेट्रो आली की मागोमाग प्रमोटर येतो. कोलकात्याबाहेरच्यांसाठी सांगते बरं का, प्रमोटर म्हणजे जुनं घर पाडून तिथं चार-पाच मजले उभे करणारा इसम. मालकाला तो नव्या इमारतीत दोन-तीन फ्लॅट देतो. भाडेकरूलाही काही ना काही द्यावं लागतं. राहायला जागा, नाहीतर दुकानाचा गाळा, बांधकाम चालू असेपर्यंत दुसरीकडे सोय. का, तर भाडेकरू उठला नाही तर घर पडत नाही. पण त्यासाठी भाडेकरू असावं लागतं. पाहुण्याला चहा मिळतो.

पावसाळा संपत आला होता. पूजेच्या कार्यक्रमांच्या ऑर्डरी अंगावर आलेल्या, घरभर हिरव्या-जांभळ्या कापडांचे ढीग. अशा एका रविवारी चारूदादा किल्लीनं दार उघडून आत आला तो एकटा नव्हे. सोबत गुळगुळीत दाढीचा, पांढऱ्या बुटांचा एक गृहस्थ. सलीलबाबू. हातात भिंतीवर लाल ठिपका पाडून अंतर मोजायचं यंत्र. त्यानं ठिपका पाडला तो नेमका लीनाच्या पाठीवर.

"ही कोण?" सलीलबाबूनं शकुनकडे बोट करून विचारलं.

चारूदादा हसत हसत म्हणाला, "माझी बहीण. थोडे दिवस राहायला आलीय."

शकुनच्या ओठांत टाचण्या होत्या म्हणून ती बोलली नाही. नाहीतर त्या दिवशी बेहाल्यात मेट्रो थांबली असती.

ते गेल्यावर लीनानं मशीन बंद केली. "दिदी, थोडे दिवस म्हणजे किती?"

"तू काज कर."

"मी काज करते. पण मशीन कुठं ठेवायची ते सांगा. माझ्या खोलीत चारपाई आडवी टाकली तर दार उघडत नाही."

शकुन उगाच कापडांचे ढीग इकडचे तिकडे करत राहिली. तिच्याकडे त्या घरात अकरा वर्षं राहिल्याचा काय पुरावा होता? विजेचं बिल चारूदादाच्या नावावर, पाण्याचं मामाच्या, जो वर जाऊन पंधरा वर्षं झाली. या वयात एवढ्या सामानासकट नवी जागा शोधायची, तर एकट्या बाईला लोक आधी विचारतात "सोबत कोण," मग विचारतात "मशीनचा आवाज किती." जागा गेली की शिवण गेलं. शिवण गेलं की शकुनही गेली आणि लीनाही. सरळ हिशेब.

दुसऱ्या दिवशी ती सॉल्ट लेकला गेली. वहिनीनं पोहे केले, वर ओलं खोबरं. भांडायला आलेल्या माणसाला पोहे देणं ही आपल्यात जुनी लबाडी आहे. शकुननं बशी बाजूला सरकवली.

"दादा, प्रमोटरच्या कागदात माझं नाव भाडेकरू म्हणून घाल. तळमजल्यावर एक खोली मला दे, आज देते तेवढंच भाडं देईन. पावतीनं."

"शकू, मी तुला रस्त्यावर टाकेन असं वाटतं तुला?"

"नाही वाटत."

"मग?"

"तू टाकणार नाहीस. पण तू काय अमर आहेस? उद्या तुझा अजेय बंगळुरूहून येईल. तो मला काय ओळखतो? त्याला मी म्हणजे लहानपणी त्याची उसवलेली चड्डी शिवून देणारी आत्या."

चारूदादाला अमर नसल्याचं कुणी तोंडावर सांगितलेलं आवडलं नाही. "तू आता परक्यासारखं बोलायला लागलीस."

"परक्याशी मी असं बोलत नाही. परक्याकडून मी पहिल्या महिन्यात पावती घेतली असती."

"पण भाडं कुठं घेतलं गं आम्ही?" वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "तो तर आहेर होता. आम्हीसुद्धा तुला दर दिवाळीला साडी घेतोच की."

शकुननं वहिनीकडे बघितलं. मग दादाकडे. मग बशीतल्या पोह्यांकडे. "वहिनी, आहेर देणाऱ्याला निदान जेवायला तरी बोलावतात. आणि त्या साड्यांचं म्हणाल तर सगळ्याच्या सगळ्या फाडून नाचाच्या मुलींचे कासोटे शिवले. नेसण्यासारखी एकही नव्हती."

ती उठली. जिना उतरताना तिला ऐकू आलं, वहिनी म्हणत होती, "पोहे तरी खाऊन जा." पोहे चांगले झाले होते, ते बघूनच कळत होतं. राग असला तरी कळतंच.

लीनानं सुचवलं, "पाड्याच्या क्लबात सांगू या. पल्टूदा बघेल." पाडा म्हणजे आपली आळी, आणि पाड्यात क्लबाच्या मर्जीवाचून वीटही हलत नाही. कॅरम, फुटबॉल, रक्तदान, दुर्गापूजा आणि दुसऱ्याच्या भानगडी, सगळं क्लबच बघतो. पल्टूदा त्याचा सेक्रेटरी. पण शकुननं साफ नाही म्हटलं. "घरातलं भांडण चव्हाट्यावर? मामाचं नाव आहे या गल्लीत." म्हणजे जागा जायची वेळ आली तरी नाक वरच. अशा माणसांना मदत करणं फार कठीण असतं.

पण प्रमोटरला नाक नसतं, त्याला घाई असते. सलीलबाबूला पूजा संपताच पाडकाम सुरू करायचं होतं आणि त्यासाठी क्लबाशी बसून बोलणं भाग होतं. ट्रक कुठून येणार, वाळू कुठं पडणार, मांडवाला वर्गणी किती. तो शनिवारी संध्याकाळी चारूदादाला घेऊन क्लबात गेला. अर्ध्या तासानं पल्टूदा स्वतः शकुनच्या दारात. पोट सुटलेला, गळ्यात गमछा, चेहरा दुखावलेला.

"दिदी, ही काय पद्धत झाली? घर पाडायला काढलंत आणि क्लबाला तुमच्याकडून एक शब्द नाही?"

"मी कुठं काढलं? घर ज्याचं त्यानं काढलं."

"तेच म्हणतोय. घर तुमचं, आणि बोलायला चारूबाबू."

शकुनला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पल्टूदानं तिला क्लबात नेलं. लीना मागोमाग, बोलावलं नसताना. आत कॅरमच्या बोर्डवर चहाचे मातीचे कप, भिंतीवर जिंकलेल्या ढाली, एका बाजूला सलीलबाबू, आणि खुर्चीच्या टोकाशी बसलेला चारूदादा, भर सभेत पायजम्याची नाडी सुटल्यासारखा.

"सांगा दिदींना," पल्टूदा त्याला म्हणाला. "दर वर्षी चांदा मागायला आम्ही तुमच्या सॉल्ट लेकच्या घरी येत होतो की नाही?"

चांदा म्हणजे पूजेची वर्गणी. आणि त्या पाड्याची रीत अशी, की घरमालकाचा चांदा जास्त, भाडेकरूचा कमी. मालक गल्लीबाहेर राहत असला तरी सुटका नाही, क्लबाची मुलं बस पकडून त्याच्या दारात जातात.

"येत होतात," चारूदादा पुटपुटला.

"आणि तुम्ही काय म्हणायचात?"

चारूदादा छताकडे बघायला लागला. छताला पंखा होता, तो काही बोलला नाही.

"मी सांगतो," पल्टूदानं गमछा सावरला. "म्हणायचे, घर माझ्या बहिणीचं आहे. मी कोण? बाबांनी भाचीला दिलं. मालकाचा चांदा तिच्याकडून घ्या. एकदा नाही, दर वर्षी. माझ्यासमोर, या सगळ्यांच्या समोर. म्हणून आम्ही दिदींकडे मालकाचा चांदा मागतो. दिदी भांडतात, पण देतात."

शकुन दर वर्षी भांडायची ते खरं होतं. शेजारच्या भाडेकरूपेक्षा आपल्याकडे जास्त का मागतात हे तिला कधी कळलं नव्हतं. तिला वाटायचं मराठी आहोत म्हणून मागतात, आणि त्यावरून ती पल्टूदाला सबंध बंगालचा इतिहास ऐकवायची. भास्कर पंडिताच्या स्वाऱ्या, मराठ्यांना अडवायला खणलेला बागबाजारचा तो खंदक, तीनशे वर्षांचं वैर तुम्ही वर्गणीतून वसूल करता का, असं सगळं. बिचारा पल्टूदा ऐकून घ्यायचा. आज खंदकाच्या पलीकडे कोण बसलं होतं ते तिला दिसलं. तिचा मामेभाऊ.

सलीलबाबूनं हातातल्या कागदाची घडी घातली. "म्हणजे मालक नक्की कोण? मी भांडणाच्या घरात हात घालत नाही."

"कागद माझ्या नावावर आहे," चारूदादा घाईनं म्हणाला. "ते मी आपलं... बोलायची पद्धत असते. आमच्यात बहिणीला घर तुझंच आहे असं म्हणतात."

"कागदाचं कोर्टात बघा," पल्टूदा म्हणाला. "पाड्याला तुम्ही जे सांगितलंत ते पाडा धरून चालणार. दिदी हो म्हणाल्याशिवाय इथं कुदळ पडणार नाही. आणि तुम्ही खोटं बोललात असं म्हणत असाल, तर दिदींनी दिला तो दिदींचा, तुमचा तेवढ्या वर्षांचा मालकाचा चांदा बाकी निघतो."

सगळे शकुनकडे बघायला लागले. लीना तर अशी बघत होती, जणू दिदीनं तोंड उघडलं की तिथल्या तिथं चार मजले मिळणार. आणि खरं सांगायचं, शकुनला मोह झाला. का होऊ नये? एक वाक्य म्हटलं असतं, "हो, मामानं मला दिलं," तर चारूदादाला वर्षभर घाम फुटला असता. गच्ची तिनं दुरुस्त केली होती. मोटार तिची. आणि त्या बंद घड्याळालासुद्धा खोली होती. तिच्या ओठांत त्या वेळी टाचण्या नव्हत्या, अडवायला काहीच नव्हतं.

ती बंगालीत म्हणाली, सगळ्यांना कळावं म्हणून, "घर चारूदादाचं आहे. मामानं त्याला दिलं. मला घर नको." आणि मग मराठीत, फक्त त्याला, "दादा, मी काय आहे ते तेवढं सांग यांना."

"बहीण आहेस," चारूदादा पडेल आवाजात म्हणाला.

"ते यांना माहीत आहे. त्या घरात मी काय आहे?"

"घरची आहेस."

"दादा."

चारूदादाच्या कपाळावर घाम आला. अकरा वर्षं जो शब्द त्यानं घरात येऊ दिला नव्हता तो घशात येऊन अडकला होता. त्याला तो अपशब्द वाटत होता. आपल्या बापाच्या भाचीला भरसभेत कसं म्हणायचं? त्याच्याकडे बघून क्षणभर शकुनलाच वाईट वाटलं. लबाडी होती, पण सगळी लबाडी नव्हती. भाडं घेतो असं स्वतःशीसुद्धा कबूल करायची त्या माणसाला लाज वाटत होती, आणि ती लाज झाकायला बिचाऱ्यानं केवढा खटाटोप केला होता. न्हाणीघरात उभं राहून नोटा मोजायच्या म्हणजे काय सोपं काम आहे?

"मराठीत जड जात असेल तर बंगालीत म्हण," ती हळूच म्हणाली.

चारूदादानं घसा खाकरला आणि पल्टूदाच्या ढालींकडे बघत म्हणाला, "भाडाटे."

म्हणजे भाडेकरू. बंगालीत शब्द कसा सुळकन बाहेर आला. घरची भाषा तेवढी स्वच्छ राहिली.

"केव्हापासून?" हे सलीलबाबूनं विचारलं. प्रमोटर झाला तरी माणसाला काही गोष्टी बरोबर विचारता येतात.

"अकरा वर्षं."

"मग परवा थोडे दिवस म्हणालात ते?"

चारूदादानं पुन्हा पंख्याकडे बघितलं. क्लबातल्या मुलांना एवढं हसू फुटलं की कुणाचा तरी चहा बोर्डावर सांडला आणि कॅरमच्या सोंगट्या भिजल्या. पल्टूदानं तेवढ्यापुरतं सगळ्यांना झापलं, पण त्याचंही पोट हलत होतं. बाकी चांद्याचं पुढं काय झालं ते विचारू नका. त्या वर्षी मांडवावर दिव्यांची एक कमान जास्त लागली एवढंच गल्लीला ठाऊक आहे.

करार झाला. वकिलाकडे बसून, चारूदादा, शकुन आणि सलीलबाबू तिघांच्या सह्यांचा. नव्या इमारतीत तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूची खोली शकुनला भाड्यानं, शिवणकाम करायची मुभा, आणि बांधकाम होईपर्यंत शेजारच्या गल्लीत सोय. वकिलानं विचारलं, "नातं काय लिहू?" चारूदादा आणि शकुन एकदम म्हणाले, "काही नको." मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनाही ते बोललेलं आवडलं नाही.

सगळं गोड झालं असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. चारूदादा भाऊबिजेला आला नाही. वहिनीनं फोनवर सांगितलं, त्याचा गुडघा दुखतो. गुडघा गणपतीपर्यंत तर ठणठणीत होता. शकुननं त्या दिवशी ओवाळणीचं ताट केलं, मग जरा वेळ तसंच ठेवलं, मग लीनाच्या भावाला हाक मारून त्यालाच ओवाळलं. तो ओवाळून घेताना एवढा लाजला की करंजी खायची विसरला. रात्री शकुन एकटी बसून कापडं उचलत होती तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं, आपण जिंकलो खरं, पण ज्याच्याशी भांडून जिंकलो तो आपलाच होता. पाकिटातून जायचं तेव्हाच हट्ट धरून पावती मागितली असती, चार दिवस त्यानं तोंड फुगवलं असतं आणि पाचव्या दिवशी पोहे खायला बोलावलं असतं. अकरा वर्षं थांबून हट्ट धरला, तर माणूस असा दुखावला की आता किती दिवस लागतील सांगता येत नाही.

ती मात्र त्याला दर महिन्याला भाडं पाठवते, बँकेतून, आणि सोबत फोन करते. पहिल्या महिन्यात त्यानं उचलला नाही. दुसऱ्या महिन्यात उचलला, "मिळालं" म्हणाला आणि ठेवला. तिसऱ्या महिन्यात म्हणाला, "मिळालं. मशीन नवीन जागेत नीट बसली का?" शकुन म्हणाली, "बसली. पण नळ गळतो." मग चारूदादा म्हणाला, "वायसर बदल. मी येऊन बघितला असता, पण ते घर माझं नाही." आणि दोघंही हसले, तो जरा कमी, ती जरा जास्त.

तेव्हा खुर्ची ओढून बसलेल्या मंडळींनो, एक काम करा. तुम्ही आत्याच्या, काकाच्या, मावसभावाच्या घरात राहत असाल तर पुढच्या महिन्याचं भाडं देताना पावती मागा. आणि तुमच्या घरात कुणी नात्यातलं राहत असेल, तर त्यानं मागायची वाट बघू नका, तुम्हीच लिहून त्याच्या हातात द्या. तोंडं फुगतील ती फुगू द्या. प्रेम आहे तोवरच मागा.